वेळापत्रकात नसलेला थांबा

४ नोव्हेंबर

उणे तीन अंश. रस्ता काळा, कडेला पांढरी रेघ. घर ते डेपो एकेचाळीस मिनिटं.

अठ्ठावीस वर्षं पाळी संपली की मी फेरीपत्रक भरत आलो. किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, वाटेत काय झालं. आता बस नाही, फेरी नाही, पत्रकही नाही. संध्याकाळी हात टेबलावर नुसते पडून असतात. माझ्या बायकोने, हेलिनाने, आज ही वही समोर ठेवली. म्हणाली, "लिही काहीतरी. बोटं वाजवत बसतोस ना, त्याचा मला त्रास होतो."

तर लिहितो. रेयो हाउताला, वय छप्पन्न, औलू शहरातला बस ड्रायव्हर. होतो. सप्टेंबरमध्ये डेपोच्या कॉफीच्या खोलीत उभ्या उभ्या पडलो. बस चालवत नव्हतो, हे नशीब. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. लायसन्स मात्र अडकलं. मार्चमध्ये पुन्हा तपासणी. तोवर काही झालं नाही तर परत मिळेल.

तोवर डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. बहुतेक हातमोजे येतात. सगळे एकेकटे.

हेलिनाला गाडी चालवता येत नाही. बसने जा म्हणाली. पण माझ्याच लाईनवर, माझ्याच बसमध्ये मागे बसून जायचं? त्यापेक्षा सायकल बरी. जुनी घेतली आहे, खिळ्यांचे टायर लावून.

१२ नोव्हेंबर

उणे सहा. पहिला टिकणारा बर्फ. त्रेचाळीस मिनिटं.

दोनदा पडलो. एकदा कुणी पाहिलं नाही. दुसऱ्यांदा काउकोने पाहिलं. माझी लाईन आता काउको चालवतो. भला माणूस आहे. सिग्नलला बस थांबवून त्याने दार उघडलं आणि विचारलं, "चढतोस का?"

"नाही."

"फुकट नेतो."

"पुढे बघून चालव," मी म्हणालो. दार बंद झालं. मागच्या खिडकीतून दोन बायका माझ्याकडे पाहत गेल्या.

ड्रायव्हर होतो तेव्हा मला सायकलवाल्यांचा राग यायचा. हे लोक कुठून येतात आणि का येतात, समजायचं नाही. अजूनही समजत नाही. पण इतकं कळलं की बसमधून रस्ता दिसतो आणि सायकलवरून रस्ता ऐकू येतो. उणे दोनला बर्फ दबतो तेव्हा आवाजच नसतो. उणे सहाला बटाट्याचं पीठ मुठीत दाबल्यासारखा कुरकुरतो. मला आजवर हे माहीत नव्हतं. खाली चाकं होती, मी वर होतो.

१९ नोव्हेंबर

उणे चार. एकोणचाळीस मिनिटं.

मागून घंटी वाजली. "बाजूला व्हा की, डावीकडून येतेय." एक म्हातारी मला ओलांडून गेली. काळी सायकल, कॅरिअरला टॉवेल गुंडाळलेला. सत्तरच्या पुढची असेल. मी लाजेखातर जोर लावला आणि टुइरा वस्तीच्या वळणावर, बर्चच्या झाडांपाशी तिला गाठलं. ती उतरून नदीकडे निघाली होती. रोज सकाळी गार पाण्यात डुंबते म्हणे. नाव सिल्वी. शाळेत विणकाम शिकवायची.

मी ड्रायव्हर होतो म्हटल्यावर तिने डोक्यावरचा दिवा माझ्या तोंडावर मारला.

"म्हणजे तो तूच. माझ्या तोंडावर दार लावलं होतंस."

"कधी?"

"बारा-तेरा वर्षं झाली. गुरुवार होता."

"वेळ झाली असेल."

"वेळ झाली होती," ती म्हणाली. "पण मी धावत होते रे."

२७ नोव्हेंबर

उणे आठ. चव्वेचाळीस मिनिटं. हे बरोबर नाही, खाली लिहितो.

आज एक सुंदर गोष्ट झाली. कशी लिहावी कळत नाही.

सकाळी मोठा बर्फ पडत होता. वारा नव्हता. बर्चच्या वळणाला आलो आणि बर्फ पडायचा थांबला. बंद झाला नाही, थांबला. कण जिथे होते तिथेच, हवेत. दिव्याच्या खांबाखाली ते लाखो कण लटकत होते आणि मी त्यांच्यामध्ये होतो. डांबराचा वास आला, पाइनच्या खोडांतून काढतात त्या डांबराचा, ऊन ऊन. आजोबा नावेला फासायचे तसा. आणि मनात आलं, हे सगळं मला आधीपासून ठाऊक आहे. पुढे काय होणार तेही. सगळं चांगलंच होणार आहे. इतकं निवांत मला लहानपणीसुद्धा वाटलं नव्हतं.

मग बर्फ पुन्हा पडू लागला. मी सायकलवरून उतरून उभा होतो. कधी उतरलो ते आठवत नाही.

घड्याळ चार मिनिटं पुढे गेलं होतं. थंडीत सेल मंदावतो म्हणतात, पण मग घड्याळ मागे पडायला हवं. पुढे कसं गेलं? उद्या नवा सेल घालतो.

९ डिसेंबर

उणे अकरा. बेचाळीस मिनिटं. पुन्हा झालं, त्याच वळणाच्या जरा अलीकडे.

मी त्याला थांबा म्हणतो. वेळापत्रकात नाही, पाटी नाही, पण गाडी तिथे थांबते. लोक डोंगर चढून, देवळात बसून जे शोधतात ते मला कामावर जाताना सापडतंय, हरवलेल्या हातमोज्यांच्या वाटेवर. कुणाला सांगितलं तर हसतील.

सिल्वीला फक्त वासाचं विचारलं. म्हटलं, इकडे होड्यांना डांबर लावणारी शेड कुठे आहे?

"इथे? शेड होती तेव्हा माझ्या डोक्यावर दोन वेण्या होत्या."

"मग वास कसला येतो?"

तिने नाक वर करून हुंगलं. "थंडीचा," ती म्हणाली. "दुसरा काही नाही."

सत्तरीत नाकही जात असणार.

२१ डिसेंबर

उणे नऊ. सूर्य साडेदहाला उगवला आणि दोनला गेला. सुट्टी.

हेलिना दिवसभर भाजत होती. वेलदोड्याचा बन करून तिने माझ्यासमोर ठेवला आणि काहीतरी बोलत होती. मग म्हणाली, "रेयो, ऐकतोयस ना?" ऐकत होतो. "मग मी काय म्हणाले?" मला सांगता आलं नाही. तीस वर्षांच्या संसारात हे कुठल्या नवऱ्याला सांगता येतं? पण ती हसली नाही. कॉफी सांडली होती, ती पुसली. सांडली कशी ते मी पाहिलं नाही.

हल्ली फार विचारते. ऐकतोयस ना, कुठे असतोस, बरं वाटतंय ना. घरात माणूस दिवसभर दिसायला लागला की बायका अशा करतात, काउको म्हणतो.

२ जानेवारी

उणे सोळा. पंचेचाळीस मिनिटं. त्यांतली पाच थांब्याची.

नवा सेल घालूनही घड्याळ तसंच. पुलावरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, दोन्ही एकसारखी. म्हणजे माझं घड्याळ बरोबर आहे. मग मिनिटं जातात कुठे? अठ्ठावीस वर्षांत मी सरासरी चाळीस सेकंदांच्या वर उशीर केला नाही, आणि आता नऊ किलोमीटरमध्ये पाच मिनिटं सांडतोय.

गाल आतून चावला गेलाय. थंडीत जबडा आखडतो.

१४ जानेवारी

उणे सत्तावीस. एक तास दोन मिनिटं.

मागच्या चाकातलं फ्रीव्हील गोठलं. पायडल मारतोय तर पाय नुसते गोल फिरतात, चाक जागचं हलत नाही. पाच मिनिटं हातांनी चोळलं, मग ढकलत नेलं. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. सगळीकडे धूर वर गेलेला, सरळ, प्रत्येक घराच्या छतावर एकेक पांढरा खांब. गावात कुणीच बोलत नव्हतं. माझा श्वास माझ्याच कानाशी कागदासारखा चुरगळत होता. आज थांबा आला नाही, पण सगळी सकाळच थांब्यासारखी होती.

डेपोत काउकोने माझी बर्फाने पांढरी झालेली दाढी पाहिली. "काय रे, म्हातारा झालास रात्रीतून." मग बाजूला बसून हळूच म्हणाला, "मार्चमध्ये येतोयस ना? तुझी सीट मी एक खाचही पुढे-मागे केलेली नाही. माझे गुडघे डॅशला लागतात. पण केलेली नाही."

मी नाक शिंकरलं.

२२ जानेवारी

उणे बारा. चाळीस मिनिटं. काही नाही.

या आठवड्यात एकदाही थांबा नाही. वाट पाहतो आहे हे कबूल करतो. वळण जवळ आलं की पाय आपोआप हळू होतात. बसची वाट पाहणाऱ्यांकडे मी इतकी वर्षं आतून पाहिलं. तर बाहेर उभं राहणं असं असतं.

३ फेब्रुवारी

उणे तेरा. मिनिटं लिहिली नाहीत.

आज वाईट झालं. जसं आठवतं तसं लिहितो, म्हणजे मधलं लिहिताच येणार नाही.

सव्वासातला वळणावर आलो. डांबराचा वास आला. बर्फ पडत नव्हता, पण झाडांवरून झडणारा बर्फाचा भुगा हवेत थांबला. मला आनंद झाला. त्यानंतर कुणीतरी माझी बाही ओढत होतं. सिल्वी. अंगावर टॉवेलचा झगा, पायात लोकरी मोजे, बूट नाहीत. ओले केस गोठून काड्यांसारखे उभे. आम्ही दोघं नदीवर होतो. काठावर नाही, नदीवर, गोठलेल्या बर्फावर. पुढे वीस पावलांवर धरणाखालचं वाहतं पाणी काळं दिसत होतं, त्यावर वाफ. ते पाणी कधी गोठत नाही, हे औलूतलं लहान पोरसुद्धा जाणतं.

सायकल वर रस्त्यावर आडवी पडलेली. दिवा चालू.

"कुठे चालला होतास?" ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"कुठेच नाही."

"तीन मिनिटं हाका मारतेय. आधी वाटलं मला डुंबताना पाहायला आलास. मग वाटलं... दुसरंच काहीतरी वाटलं. म्हणून धावले. तर तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुला दिसलेच नाही. नुसतं तोंड चालू. गाय रवंथ करते ना, तसं."

"मी विचारात होतो."

"हा विचार नव्हता रे."

आम्ही तिच्या पावलांवरून परत आलो. तिने मला पुढे जाऊ दिलं नाही. पोहणाऱ्यांच्या खोलीत थर्मासमधली कॉफी दिली. पायांना मोजे चिकटले होते, ते सोलून काढताना ती शिव्या देत होती, हळूहळू, एकेक शब्द नीट.

निघताना म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. तो तुझा प्रश्न. पण मी पाहिलंय, आणि आता तुलाही माहीत आहे."

४ फेब्रुवारी

उणे दहा. दुसऱ्या रस्त्याने गेलो. सत्तेचाळीस मिनिटं.

म्हातारीला पाण्यातून बाहेर आल्यावर काय दिसेल ते सांगता येत नाही. अंधार होता. मला चक्कर आली असेल. नाश्ता केला नव्हता.

केला होता. राय ब्रेड आणि चीज. कशाला खोटं लिहायचं, इथे कोण वाचतंय.

११ फेब्रुवारी

उणे पाच, भुरभुर. पन्नास मिनिटं. लांबच्या रस्त्यावर बर्फ काढणारा ट्रॅक्टर उशिरा फिरतो, चाक रुततं. नदीकडून जात नाही. सिल्वीची गाठ नको.

या रस्त्यावरही थांबा आला. म्हणजे तो वळणावर नव्हताच. झाडांत नव्हता, बर्फात नव्हता. तो माझ्याबरोबर फिरतो.

१९ फेब्रुवारी

उणे सात. मिनिटं खाली.

शाळेच्या क्रॉसिंगला मुलं रस्ता ओलांडायला जमली होती. मी सायकलवर एक पाय टेकून त्यांच्या मागे उभा. लांब डावीकडे काउकोची बस थांब्यावरून निघताना दिसली. दार बंद झालं, डावा दिवा लुकलुकला. मला आठवलं, तिथे मी आरशात पाहून एक सेकंद जास्त थांबायचो, कारण तिथे कुणीतरी नेहमी धावत येतं.

डांबराचा वास.

मग बस नव्हती. माझ्या छातीवर तिच्या चाकांनी उडवलेला चिखलबर्फ होता. उजवीकडे, पार पुलाच्या सिग्नलला, तिचे मागचे लाल दिवे. मुलं रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या फाटकात शिरत होती.

ते अंतर मला पाठ आहे. थांबा, औषधाचं दुकान, क्रॉसिंग, उतार, पुलाचा सिग्नल. आठशे चाळीस मीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं. मी हजारो वेळा चालवलंय.

म्हणजे त्या सीटवर मी असतो, तर दार लावलं असतं आणि त्यानंतर थेट पुलाचा सिग्नल आला असता. मधे जे काही होतं ते मला दिसलंच नसतं. औषधाचं दुकान नाही, उतार नाही. क्रॉसिंग नाही.

डेपोपर्यंत सायकल ढकलत नेली.

२ मार्च

शून्य. रस्त्यावर पाणी, खाली काच. अठ्ठेचाळीस मिनिटं.

आठ दिवसांनी तपासणी. सप्टेंबरमध्ये डॉक्टर म्हणाल्या होत्या, मधल्या काळात काही झालं का ते तुम्हीच सांगायचं. मेंदूचा आलेख काढला तेव्हा स्वच्छ आला होता. पुन्हा स्वच्छ येईल. थांबा काही बोलावल्यावर येत नाही.

म्हणजे माझ्या एका शब्दावर आहे. नाही म्हणायचं की बस परत. काउको सीट पुसून ठेवेल.

आणि थांब्यांचं काय? खरंच लिहायचं तर बसएवढंच मला त्यांचंही वाटतं. छप्पन्न वर्षांत इतकी सुंदर गोष्ट मला कुणी दिली नाही. सांगितलं तर गोळ्या देतील. बसही जाईल आणि थांबाही. मग राहतील हातमोजे.

आज मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो. सिल्वी भेटली. पायाच्या दोन बोटांना पट्टी आहे, हिमदंश झाला होता. महिनाभर पाण्यात गेलेली नाही. तरी सायकलवर येते, काठावर बसून इतरांना पाहते. मी क्षमा मागितली.

"बोटांची?" ती म्हणाली. "आहेत अजून आठ."

१० मार्च

उणे दोन, ऊन. बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांत खुपतो.

डॉक्टर हाल्मे तरुण आहेत, माझ्या पुतणीच्या वयाच्या. रात्रपाळी करून आल्या असाव्यात, डोळे लाल होते. रक्तदाब पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड टाकला. कागदावर खुणा करत गेल्या. हृदय ठीक. तोल ठीक. मग मान वर न करता विचारलं, "सप्टेंबरनंतर काही झालं नाही ना?"

प्रश्नातच उत्तर होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. पेन त्या चौकोनावर टेकलेलं.

मी म्हणालो, "आठवड्यातून एकदा. कधी दोनदा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगा."

आणि मी सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. कण हवेत कसे थांबतात ते, दिव्याखालचा उजेड, आधीपासून सगळं ठाऊक असल्यासारखं वाटणं. आजोबांची नाव. नदी. क्रॉसिंग. त्या मधेच म्हणाल्या, "वास?" मी म्हणालो, डांबराचा. त्यांनी मान हलवली, जणू डांबराचीच वाट पाहत होत्या. मेंदूच्या एका कोपऱ्यात वीज उसळते, कानाच्या जरा वर, म्हणाल्या. वास तिथून येतो. निवांतपणाही तिथूनच.

"म्हणजे खरं नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे चोळले. "तुम्हाला वाटलं ते वाटलंच ना," म्हणाल्या. "पण बस नाही, हाउताला. बस आता नाही. आणि सायकलही काही आठवडे नको. चालत जा."

बाहेर आलो. छपरावरून पाणी ठिबकत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.

११ मार्च

काल हेलिनाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नाताळच्या आधीपासून माहीत आहे."

"कसं?"

"बन हातात धरून बसला होतास. कप उलटा झाला, तुझ्या मांडीवर कॉफी पडली, कढत, आणि तू हललासुद्धा नाहीस. त्यानंतर सहा वेळा पाहिलं. मोजलंय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बस गेली असती." ती टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होती. "बस गेल्यावर तुझं काय उरेल, याची मला भीती वाटली. रोज तू सायकल काढायचास आणि मी खिडकीत उभी राहायचे. वाटायचं, हा आज परत येणार नाही, आणि ते माझ्यामुळे असेल. तरी गप्प बसले. हवं तर माझ्यावर चिड."

मला चीड आली नाही. मीही गप्पच होतो की.

काउकोला फोन केला. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "उद्या सीट मागे घेऊ का?" मी म्हणालो, घे. गुडघे सांभाळ.

२९ मार्च

चालत, दोन तास. गोळ्यांनी झोप येते, जीभ जड होते. डेपोच्या साहेबांनी विचारलं, नव्या ड्रायव्हरांना लाईन शिकवशील का? गाडी त्यांनी चालवायची, मी बाजूला उभं राहायचं. कुठे आरशात एक सेकंद जास्त पाहायचं ते सांगायचं. विचार करतो म्हणालो. एरवी लगेच नाही म्हटलं असतं.

थांबा आला नाही.

१२ एप्रिल

थांबा नाही. महिना झाला. साहेबांना हो म्हणालो.

२६ एप्रिल

अधिक एक, आणि बर्फ. एप्रिलअखेरचा, ओला, नको असलेला. आज डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिल्यावरचा पहिला दिवस.

हेलिना म्हणाली, "मी मागून येते." तिची सायकल उन्हाळ्यातली, पातळ टायरची, पुढे टोपली. मी म्हटलं, घसरशील. म्हणाली, घसरेन. कोट घातला आणि आली. सगळ्या वाटेने मागून तिचा आवाज येत होता, "अरे हळू," आणि मधेमधे एखादा शब्द जो ती घरात कधी वापरत नाही. पेट्रोल पंपापाशी एकदा पडली. उठवायला गेलो तर म्हणाली, "हात लावू नकोस, मी नीट बसलेय."

बर्चच्या वळणाला मी उतरलो. ती पोचली, धापा टाकत उभी राहिली.

"इथे?"

"पहिल्यांदा इथे."

ती वर पाहू लागली. बर्फ पडत होता, मोठा, संथ. मीही पाहिलं. एक कण निवडला आणि त्याच्यावर नजर ठेवली. खांबाच्या दिव्याएवढ्या उंचीवरून तो खाली आला, जरा डावीकडे सरकला, माझ्या बाहीवर बसला, विरघळला. मग दुसरा. एकही थांबला नाही. वास ओल्या लोकरीचा आणि चिखलाचा. नदीवरचा बर्फ काठापासून सुटला होता, त्याचे तुकडे एकमेकांना घासत होते. 

"खूप छान असायचं का?" हेलिनाने विचारलं.

"हो."

"आपण लग्नानंतर तुझ्या आजोबांच्या नावेतून बेटावर गेलो होतो, त्यापेक्षा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "हो," म्हणालो.

तिने टोपलीतला बर्फ हाताने खाली लोटला. बराच वेळ लोटत होती. मग म्हणाली, "त्यात मी असायचे का?"

मी नीट आठवून पाहिलं. तो उजेड, ते लटकलेले कण, सगळं चांगलंच होणार आहे असं वाटणं. सगळीकडे शोधलं.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नसायचं."

तिने मान हलवली. टोपीवर, भुवयांवर, ओठांच्या वरच्या लवेवर बर्फ बसत होता आणि पाणी होऊन ओघळत होता. तिचं नाक लाल झालं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चल. उशीर होतोय तुला." आणि या वेळी पुढे ती निघाली, डुगडुगत, पाय दोन्ही बाजूंना फाकवून, आणि तिच्या पातळ टायरांची ओली रेघ मला दिसेल इतक्या अंतरावर राहून मी तिच्यामागे गेलो.